उसनी म्हातारी

“एका दिवसाचे पाच किलो गहू?” सुकदेव म्हणाला. “ताई, मी माणूस मागतोय, म्हैस नाही.”

“म्हशीला जास्त पडले असते,” सरलाबाई म्हणाली. “पाच आत्ता. कार्ड झालं की दर महिन्याला दोन. परवडत नसेल तर दुसरीकडे बघ, भाऊ.”

गोडादऱ्यातल्या त्या खोलीच्या उंबऱ्यात अनुसयाबाई साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती. सौदा चालला होता तो तिचाच. पण तिनं कात्री थांबवली नाही.

“तीन घे,” सुकदेव म्हणाला. “आणि सकाळी नेली की संध्याकाळी आणून सोडतो.”

“दोन दिवस ठेवलीस तरी चालेल.”

“नको, नको. संध्याकाळी सोडतोच.”

सौदा चार किलोवर ठरला.

सत्त्याण्णवचा तो उन्हाळा. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत कुणीतरी बातमी आणली होती : रेशनची कार्डं आता नव्यानं होणार. जो खरा गरीब ठरेल त्यालाच स्वस्त धान्य. बाकीच्यांनी बाजारातून घ्यावं. आणि घरात साठीच्या पुढचं, न कमावणारं माणूस असलं की नाव हमखास लागतं. ही शेवटची अट सरकारची की गल्लीची, याची चौकशी कुणी केली नाही. गरिबीचा पुरावा म्हणून म्हातारं माणूस दाखवायचं, एवढं सगळ्यांना पटलं.

पंचाईत एवढीच, की गल्लीत म्हातारी माणसं नव्हती. कापडाच्या लूमवर काम करायला आलेल्यांनी आईबाप गावी ठेवले होते. धुळे-जळगावहून माणूस आणायचं तर गाडीभाडं. त्यापेक्षा जवळपास उसनं बघावं. लोटूनं चलथाणहून धुडकू नावाचा एक म्हातारा आणला. दोन वेळचं जेवण आणि विड्यांचा एक कट्टा, एवढ्यावर तो ‘बाप’ व्हायला तयार झाला. एकानं मारुतीच्या पारावरून मावशी आणली. अशी सहा घरं सजली. सातवं सुकदेवचं.

सुकदेवला कार्ड हवंच होतं. तीन महिने लूम एकाच पाळीवर चालत होती, पगार निम्म्यावर आला होता. घरात दोन पोरं. सकाळचा डबा नेला की संध्याकाळी चूल पेटेलच अशी खात्री नव्हती.

मंगळवारी सकाळी त्यानं अनुसयाबाईला रिक्षातून उतरवलं. त्याच्या बायकोनं, जयश्रीनं, तिला स्वच्छ लुगडं दिलं, मग समोर बसवून धडा दिला.

“कायम इथंच राहते, असं सांगायचं. दोन वेळ गरम जेवण मिळतं. दुखलंखुपलं तर दवाखान्यात नेतात.”

“बरं.”

“धाकट्या पोराचं नाव विचारलं तर महेश. पाच वर्षांचा आहे.”

“महेश,” अनुसयाबाईनं दोनदा म्हणून पाहिलं. “त्याला जरा जवळ येऊ दे की.”

“साहेब आले की येईल. आत्ता खेळतोय.”

“आणि मी संध्याकाळी परत?”

“हो. सहाला रिक्षा सांगितलीय.”

अकराच्या सुमाराला पुरवठा कचेरीचा तपासनीस आला. माणूस गुजराती, पण सुरतेत राहून मराठी कळणारा, थोडी बोलणारा. आधी लोटूचं घर. धुडकूनं कमाल केली. लोटूच्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, “ह्या पोरानं माझ्यासाठी काय नाही केलं, साहेब!” आणि खरोखरीचे दोन अश्रू काढले. तपासनिसानं यादीत नावापुढे खूण केली. पारावरच्या मावशीनं भाच्याला आपल्या हातानं घास भरवून दाखवला. तिथंही खूण.

मग तो सुकदेवच्या दारात आला. मागे निम्मी गल्ली.

“माजी, आ तमारो दीकरो?”

अनुसयाबाईनं सुकदेवकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

“ह्यानं मला गोडादऱ्याहून आणलं,” ती म्हणाली. “सकाळी. रिक्षानं.”

जयश्रीनं पदर तोंडाला लावला.

“इथं नाही रहात?”

“नाही. संध्याकाळी सहाला परत सोडणार आहेत. माझे चार किलो गहू ठरलेत.”

गल्लीत हशा पिकला. तपासनिसानं चष्मा वर केला.

“म्हणजे हा मुलगा नाही?”

“साहेब, तुम्ही शिकलेले आहात. मुलगा असता तर परत सोडायला रिक्षा कशाला सांगितली असती?”

“साहेब, ती भ्रमिष्ट झालीय!” सुकदेव पुढे आला. “माझी आई आहे ही! आईची शपथ!”

“कोणत्या आईची?” मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा दुप्पट झाला.

तपासनिसानं सुकदेवच्या नावावर आडवी रेघ मारली. “सरकारला फसवतोस? बाकीच्यांकडे बघ, कशी माया आहे. अशा घरांसाठी असतं कार्ड.”

तो गेल्यावर लोटू सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “भाऊ, चुकलास. भाड्यानं आणायची तर पारखून आणायची. आमचा धुडकू बघ.”

रिक्षा सहाच्या आधीच आली. अनुसयाबाईनं स्वच्छ लुगडं घडी करून जयश्रीच्या हातात दिलं, आपलं जुनं नेसली आणि कुणी हात न देता रिक्षात चढली.

त्या दिवशी गल्लीत सात म्हातारी माणसं तपासली गेली. सहा उसनी होती, ती पास झाली. सातवी तेवढी सख्खी आई होती.