चिंबोरीचा क्लास

चिंबोरीची उजवी नांगी चिकटवली, तशी डावी गळून खळीच्या भांड्यात पडली. हिरामणने ती बाहेर काढली. ओल्या वर्तमानपत्राचा गोळा बोटांतून निथळत राहिला. शेजारच्या टेबलावर एका बाईंचं कासव मान वर काढून बसलं होतं. पलीकडे कुणाचा तरी डॉल्फिन उडी मारायच्या बेतात होता. अख्ख्या वर्गात पुरुष तो एकटा, आणि लुळी चिंबोरीही त्याचीच.

"काका, खेकड्याच्या तारेवर कागद घट्ट गुंडाळा," शिकवणारी राजेश्वरी म्हणाली. "आणि पहिला थर वाळू द्या. घाई केली की गळतं."

"जन्मभर चिंबोऱ्या खाल्ल्या," हिरामण म्हणाला. "हाताला नांग्या मोडायचीच सवय हाय."

वर्ग हसला. हिरामणलाही हसू आलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खरं तर हा क्लास त्याचा नव्हताच. नेरूळच्या एका वाचनालयात कागदाच्या लगद्याचे समुद्री प्राणी करायला शिकवतात, हे त्याच्या बायकोने, पुतळाने, कुठूनसं ऐकलं आणि ती नाव देऊन आली. पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशीच जिन्यात तिचा पाय मुरगळला.

"जमिनीला टेकवत नाय," पाय उशीवर ठेवून ती म्हणाली. "अवो, तुमीच जा. शिकून या आनि मला शिकवा. एवढ्या हौसेनं नाव दिलंय मी."

हिरामण गेला तो तिचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून. एरवी तो कुठेच जात नव्हता. कारखान्यांच्या पट्ट्यात तो कामाला होता ती कंपनी बंद पडली, तेव्हापासून शिरवण्यातल्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. खाली भाडेकरूंची ये-जा चालू असायची, आत टीव्ही चालू असायचा, तो कुठेच बघत नसायचा. दाढी वाढली. गावातले सोबती हाका मारून थकले. पुतळाने काही विचारलं तर 'हं' नाहीतर 'नको'. पनवेलला दिलेली मुलगी जागृती फोनवर "बाबांकडे दे" म्हणायची, आणि तो नुसता हात हलवायचा.

पण 'हं' म्हणून चिंबोरी शिकवता येईना. क्लासहून आला की पुतळा कॉटवर कागद, खळ, तार मांडून तयारच असायची. वाडगं पालथं घालून पाठ कशी करायची, पट्ट्या आडव्या लावायच्या की उभ्या, सगळं तो सांगायचा. तिला एकदा सांगून कळायचं नाही. मग तो पुन्हा सांगायचा, वैतागायचा, तिच्या हातातली पट्टी ओढून घ्यायचा. जुने पेपर मागायला तो स्वतःच खाली भाडेकरूंच्या दारात गेला. पेपर घेताना चार गोष्टीही बोलून आला.

शेवटच्या शनिवारी चिंबोरी रंगवायची होती. राजेश्वरीने लाल रंग पुढे केला.

"लाल ती शिजल्यावर होते," हिरामण म्हणाला. "माजी जिती हाय."

त्याने हिरव्यात काळा मिसळून खाडीच्या चिखलासारखा रंग केला. नांग्यांची टोकं तेवढी निळसर ठेवली. सगळ्या बायका गोळा होऊन बघू लागल्या. एकीने फोटो काढला. शेवटचा दिवस म्हणून चहा मागवला होता, पण हिरामण थांबला नाही. त्याला कधी एकदा पुतळाला दाखवतो असं झालं होतं.

रिक्षात चिंबोरी त्याने मांडीवरच धरली. घरी पोचला. जिना चढला. दार अर्धवट उघडं होतं. त्याने आत पाऊल टाकलं नाही.

पुतळा स्टुलावर उभी होती. मुरगळलेल्या पायाच्या चवड्यावर, दुसरा पाय हवेत, हातात ओलं फडकं. ती माळा पुसत होती. फ्रीजवर ठेवलेल्या मोबाइलमधून जागृतीचा आवाज येत होता.

"अजून किती दिवस नाटक करणार आहेस, आई?"

"आजचा दिस गो. आज क्लास सपला. त्याचं नाव दिलं असतं तर खुर्चीतून हलला तरी असता का तुजा बापूस? आता शनिवारची दाढी करतो. काल दोनदा माज्यावर ओरडला, कागद जाड फाडते म्हनून. किती दिसांनी ओरडला." पुतळाने डोळ्यांना पदर लावला आणि परत माळा पुसायला लागली.

हिरामण दाराबाहेर उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. तो येईना. एवढे दिवस ही बाई धडधाकट पायाने लंगडत मोरीपर्यंत जात होती, हे आठवून त्याला हसू फुटायला लागलं. त्याने ते दाबलं. आवाज न करता तो जिना उतरला. खाली जाऊन मोठ्याने खोकला, चपला आपटत आपटत पुन्हा वर चढला. वर स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग कॉट करकरली.

तो आत आला, तेव्हा पुतळाचा पाय उशीवर होता. तिला धाप लागली होती. फडकं मात्र हातातच राहिलं होतं.

हिरामणने चिंबोरी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. एकेक नांगी ओढून बघितली.

"पक्क्या हायेत," ती म्हणाली.

"पाय कसा हाय?"

"अजून टेकवत नाय."

हिरामणने तिच्या हातातलं ओलं फडकं घेतलं, पिळलं, खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलं.

"पुढच्या महिन्यात मोठा मासा शिकवनार हायेत," तो म्हणाला. "तुजं नाव देऊन टाक. मी जाईन."