हवेत धरलेला कप

ग्रंथालयाच्या संध्याकाळच्या मुलाखतीला रिवाजाप्रमाणे कादंबरीकार इंदुमतीबाईंना शाल मिळाली आणि त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिल्याबद्दल त्यांचे यजमान दिगंबरराव यांना व्यासपीठावर खुर्ची. ते ऐसपैस बसून चहा पिऊ लागले.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिकेने नेमकं तेच विचारलं. "चहा संपला की बायकोकडे न बघता रिकामा कप तिच्यापुढे धरणारा कादंबरीतला तो नवरा तुम्हाला सापडला कुठे?"

याच प्रश्नाच्या धास्तीने बाईंनी हस्तलिखित सहा वर्षं डाळींच्या डब्यांमागे लपवलं होतं. तिकडे यजमानांचा हात जाण्याची भीती नव्हती.

"मी सांगतो!" दिगंबररावांनी माइक ओढला. "मी कादंबरी दोनदा वाचलीय. असला नालायक माणूस आमच्या सात पिढ्यांत नाही हो! हिची कल्पनाशक्तीच अफाट!" चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी बायकोकडे न बघता रिकामा कप तिच्यापुढे धरला.

सभागृहात हशा उसळला. आपलं भाषण रंगलं म्हणून यजमानही हसले. कप तसाच हवेत. इंदुमतीबाईंनी दोन्ही हात शालीत गुंडाळून घेतले. "हं," त्या प्राध्यापिकेला म्हणाल्या, "पुढचा प्रश्न?"