भिंतीवरचे साहेब

शबाना शिडीवर उभी राहून चित्रातल्या साहेबाच्या मखमली कोटाला लाल रंग देत होती. संजय राठोडच्या नव्या मंगल कार्यालयात, नवरा-नवरी बसतात त्यामागच्या भिंतीवर, त्याला विलायती चित्र हवं होतं. त्याने मोबाइलवर दाखवलं तसंच ती काढत होती. आडवे पडलेले दगडी खांब, अर्धी उरलेली कमान, लांब निळे डोंगर, आणि मधोमध ऐटीत उभे गोरे साहेब नि त्यांच्या मडमा.

संजयची आई, धनीबाई, खाली खुर्चीवर बसून मघापासून बघत होती.

"हे लोक इथं काय करून राह्यले, पोरी?"

"फिराले आले, आजी. जुनं पडकं पाहाले."

"आन् ज्यायचं पडलं, ते कुठं हायेत?"

शबानाने मोबाइल पाहिला. "चित्रात तर नाही दिसत."

धनीबाईने खुर्ची भिंतीकडे ओढली. मग म्हणाली, "आमचा तांडा धरणात गेला. उन्हाळ्यात पानी उतरलं का भिंती उघड्या पडतात. मी जातो, आपल्या उंबऱ्यावर बसतो. औंदा तिथं लग्नाचे फोटो काढाले गाडी आलती. पोरगी लय सुंदर नटली होती. फोटोवाला म्हने, आजी, बाजूले व्हा, तुम्ही फोटोत येऊन राह्यल्या."

"मग?"

"झालो बाजूले."

शबाना पुन्हा कोट रंगवू लागली. पण हात चालेना. शेवटी तिने बारका ब्रश घेतला.

संध्याकाळी संजय आला. कमानीच्या बाजूला आता दगडामातीचं एक घर होतं, आणि दारात घागरा-ओढणीतली एक बाई बसली होती.

"हे कोन बसवलं, ताई? मी दाखवलं त्यात नव्हती हे. पावने हासतील ना!" त्याने शिडीवरचं फडकं उचललं. रंग ओला होता. एका पुसण्यात निघाला असता.

शबाना ब्रश हातात धरून शिडीवरून उतरली.

धनीबाई उठली. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"चुकलं हे," ती म्हणाली.

"तेच म्हनतो मी, याडी," संजय आईला म्हणाला.

"दार चुकलं. आपलं दार उगवतीकडं होतं. सकाळचं ऊन पार चुलीपर्यंत यायचं." तिने भिंतीवर बोट ठेवलं. "इथं पाह्यजे."

शबानाने ब्रश धुतला आणि बोट होतं तिथे त्याच ब्रशने खूण केली.

संजय फडकं धरून तसाच उभा. तांडा उठला तेव्हा तो आईच्या कडेवर होता.

"आन् विहीर?" त्याने हळूच विचारलं. "विहीर कोनीकडे होती?"