पान्याचे दोन ठोके

बायको गेल्यापासून तीन महिने वायरमनने त्या जुन्या गाडीवरची ताडपत्री उचलली नव्हती. गाडी तिच्या वडिलांची, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची हा हट्टही तिचाच. आज भर दुपारी तो एकदाचा पाना घेऊन मागच्या टाकीखाली सरकला आणि पेट्रोलच्या नव्या पंपाची वायर सोलू लागला.

हे काम दोघांचं. ती पुढे बसून चावी फिरवायची, तो खाली पडून पंपाचा आवाज ऐकायचा. पान्याचे पत्र्यावर दोन ठोके म्हणजे 'बंद कर'. जोडणी व्हायच्या आधीच हाक मारायची त्याची खोड. "आधी वायर लावा, मग हुकूम सोडा," ती पुढून ओरडायची.

आजही सवयीने तोंडून निघून गेलं, "अगं, कर चालू."

पंप टिकटिकायला लागला.

चावी त्याच्या खिशात होती. सोललेली वायर अजून हातातच होती.

त्याने पुढे जाऊन पाहिलं नाही. सीट रिकामी दिसली असती तर?

"परत आधीच हाक मारली बघ," तो कसाबसा म्हणाला. "ओरड की आता."

नळीत पेट्रोल भरलं की असा पंप आपोआप थांबतो; पण टाकी कोरडी होती, म्हणजे कोणी बंद केल्याशिवाय तो थांबणार नव्हता. चुकूनही पत्र्याला लागू नये म्हणून त्याने पाना छातीशी गच्च धरला.

तेवढ्यात पुढून, तिच्या सीटच्या बाजूने, पत्र्यावर हलकेच दोन ठोके पडले.