अक्षरांची बाजू

समजा, तुम्ही अनवाणी आहात आणि नुकत्याच बसवलेल्या एका दगडी फरशीवर उभे आहात. दोन पाय समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर. आता अंगाचा भार आधी डाव्या पायावर द्या, मग उजव्या. खालून 'टक्' असा आवाज आला, तर फरशी डुगडुगते आहे. काहीच ऐकू आलं नाही, तर ती बसली.

नऊ वर्षांची शामला मधल्या सुट्टीत हेच करत होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तिच्या शाळेच्या अंगणात तीन दिवस फरशा बसत होत्या, आणि दौलतसिंह मिस्त्रीने तिला परीक्षक नेमलं होतं. मराठी घरांत कामं करून करून त्याची बोलीही अर्धी मराठी झाली होती.

"चार कोपऱ्यांना चुना आणि बीच में पोकळ, हे आळशी गवंड्याचं काम," तो तिला सांगायचा. "महिन्याभरात फरशी बोलायला लागते. आपण चुन्याचा पूरा बिछौना घालायचा. दगडाला झोप लागली पाहिजे, बिटिया." मग तो फरशी एका कडेने अलगद टेकवायचा आणि लाकडी मोगरीने मधून कडांकडे ठोकत जायचा. "हिलत असेल तर आजच सांग. उद्या चुना धरला की उचलताना फुटणार."

फरशा जुन्या छावणीतून येत होत्या. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, संस्थानची फौज देशाच्या फौजेत मिसळली, छावणी रिकामी झाली. तिथले चौथरे उखडले आणि दगड शाळेला मिळाले.

आज हातगाडीवरून उतरलेली पहिलीच फरशी शामलाने ओळखली. तिच्यावर अकरा नावं कोरलेली होती. सातवं नाव तिला डोळे मिटूनही सापडलं असतं. नाईक जयसिंहराव मोहिते.

ते तिचे वडील. ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. घरी फक्त तार आली. तेव्हापासून दर दसऱ्याला आई तिला छावणीत न्यायची. आपट्याचं पहिलं पान या दगडापाशी ठेवायचं, मगच घरी येऊन बाकीच्यांना सोनं द्यायचं. आई पान ठेवायची आणि शामला बोटाने नाव गिरवायची. गेल्या दसऱ्याला छावणीच्या फाटकाला कुलूप होतं. आईने पान फाटकाच्या गजात खोचलं. "दगड आत आहे ना? मग झालं तर," ती म्हणाली होती.

"मिस्त्रीकाका, हा माझ्या बाबांचा दगड आहे."

दौलतसिंहला वाचता येत नव्हतं. शामलाचं बोट जिथे टेकलं होतं तिथे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरना हाक मारली.

लक्ष्मीकांत ओव्हरसियर वाईट माणूस नव्हते. त्यांनी अकराही नावं वाचली. मग म्हणाले, "अक्षरांची बाजू खाली घाला. वर ठेवली तर नावांवर पाय पडतील. बरं दिसेल का ते?"

"मग भिंतीशी उभा करा ना," शामला म्हणाली.

"जुन्या छावणीची नावं नव्या शाळेत कशाला, बाळ? कागदावर ही फरशी आहे. फरशी जमिनीतच बसते."

त्या फरशीवर दौलतसिंहने इतर कुठल्याही फरशीपेक्षा जास्त वेळ घालवला. अक्षरं पाण्याने धुतली. एकेका अक्षरात बोटाने चुना दाबला. मग शामलाच्या डोळ्यांदेखत त्याने ती पालथी घातली आणि मोगरीने ठोकून बसवली.

"अक्षरं चुना पकडून ठेवतात," तो हळूच म्हणाला. त्याला तिची समजूत घालायची होती. "सगळ्या आंगनात हीच सगळ्यात पक्की. सौ साल हिलणार नाही."

शामला त्या फरशीवर उभी राहिली. डावा पाय, उजवा पाय. खालून काहीच ऐकू आलं नाही. वर्गाची घंटा झाली तरी ती तिथेच होती.

शाळा सुटली तेव्हा ओव्हरसियर पाहणीला आले होते. "मिस्त्री, एखादी हलत असेल तर आत्ताच उचला. सही झाल्यावर मी ऐकणार नाही."

"हमारी परीक्षक से पूछ लीजिए, साहेब," दौलतसिंह हसून म्हणाला. "तीन दिवसांत एक पण नाही निघाली."

तेवढ्यात शामलाची आई, सुलोचनाबाई, तिला न्यायला आली. नवी फरशी पाहून तिने कडेला चपला काढल्या, आणि अनवाणी चालत येऊन लेकीजवळ उभी राहिली. नेमकी त्याच फरशीवर.

"किती गार लागतंय गं," आई म्हणाली. तिने टाच दाबून पाहिली. "आणि पक्कीसुद्धा किती बसलीय. तुमचा हात चांगला आहे हो, मिस्त्री."

दौलतसिंहने मान खाली घातली. ओव्हरसियरनी खिशातून पेन काढलं.

"आई, बाजूला हो."

शामला त्या फरशीवर आली. दोन पाय दोन कोपऱ्यांवर. भार डावीकडे, मग उजवीकडे. फरशी गप्प होती. मग शामला स्वतःच डुलायला लागली, आधी थोडी, मग खूप, नावेत उभं राहिल्यासारखी, आणि सगळ्यांच्या देखत तोंडानेच आवाज काढू लागली. टक्. टक्. टक्.