हसण्याची अट

चहाचा कप घेऊन आप्पा रोजच्यासारखे पडद्यासमोर बसले, पण हेलसिंकीहून आजही काही आलं नव्हतं. त्यांची लेक शर्वाणी तिकडे जे पाही, जे ऐके, ते सगळं तिच्या क्लाउडमध्ये साठत असे. निघताना तिने त्या क्लाउडला साध्या मराठीत सांगून ठेवलं होतं, "ज्या वेळी मी हसत असेन, तेवढं आपोआप आप्पांच्या क्लाउडमध्ये टाकत जा." तेव्हापासून तिचं हसणं न चुकता आप्पांकडे कणकवलीला पोचत होतं; हल्ली मात्र काहीच येत नव्हतं.

फोनवर विचारलं तर ती "मजेत आहे" म्हणायची. आपल्याकडचीच जागा संपली असेल, म्हणून आप्पांनी स्वतःच्या भजनांची रेकॉर्डिंग पुसून टाकली. तरी काही येईना. शेवटी त्यांनी सेवाकेंद्राला फोन लावला.

"तपासलं, काका," तिथली मुलगी म्हणाली. "जागा आहे, नियमही चालू आहे. बिघाड कुठेच नाही."

"मग येत का नाही?"

"नियम फक्त हसण्याचा आहे, काका," ती हळूच म्हणाली. आप्पांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

चहा निवून गेला. त्यांनी शर्वाणीला निरोप धाडला, "बाय माझे, ती हसण्याची अट काढून टाक. असेल तसं येऊ दे."

बऱ्याच वेळाने पहिली फाइल आली. तिच्या डोळ्यांतून आप्पांना अंधारी खोली दिसली, मग हातातला फोन. त्यावर 'आप्पा' असं नाव होतं आणि तिचा अंगठा नुसताच त्यावर थांबला होता.

आप्पांनी पुढचं पाहिलं नाही. त्यांनीच फोन लावला. या खेपेला 'कशी आहेस' असं विचारलं नाही.

"बोल," एवढंच म्हणाले.