शेजारची जागा

"आजोबा, तो दगडी बाक आता राहणार नाही. तिथं नवी आसनं येतायत," किनाऱ्याचा आराखडा करणारी आर्किटेक्ट म्हणाली.

"तेवढा एक राहू दे, बाळा," निवृत्त पोस्टमास्तर काकुळतीला आले. "आमच्या हिला घर आठवत नाही, पोटची मुलं आठवत नाहीत. त्या बाकावर बसली की मला तेवढं ओळखते."

तिनं वरिष्ठांची खूप मनधरणी केली, पण आराखडा मंजूर झाला होता.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनी बायकोला हाताला धरून आणलं, नव्या आसनावर बसवलं आणि ते शेजारी टेकले. ती अंग चोरून बाजूला सरकली.

"तुम्ही जरा दुसरीकडे बसता का?" ती अदबीनं म्हणाली. "आमचे हे येतील एवढ्यात."